आमेनवाचून निवलेल्या भाकरी

अहो, पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर आता प्रभूच्या मांडीवर विसावले," आणि मला कबरस्तानात सगळ्यांसमोर हसू फुटायला आलं. पदर तोंडात कोंबला म्हणून निभावलं. बायांना वाटलं, मला हुंदका आवरेना. एकीनं पाठीवरून हात फिरवला. मला मात्र तुम्ही घरी जाताना वाटेत काय बोलला असता तेच ऐकू येत होतं. मांडी कोणाला आहे? आज देवाला मांडी दिलीत, उद्या गुडघे द्यावे लागतील, परवा गुडघेदुखी. हे तुम्ही एकदा पुसदला माझ्या बाबांना भर पंगतीत ऐकवलं होतं. बाबांनी हयातभर बैलगाडीतून गावोगाव जाऊन येशूची सुवार्ता सांगितलेली. त्यांच्या हातातला घास हातातच राहिला. मी वाढत होते, मी वरणाचा डाव तुमच्या ताटात जरा जोरातच आपटला. तुम्ही शर्टावरचे शिंतोडे पुसलेत आणि भात कालवायला लागलात.

आता कोणाच्या ताटात आपटू?

मी रागावले आहे, हे आधीच सांगून टाकते. माती पडून आठवडा झाला नाही तोवर बाई भांडायला बसली, असं कोणी म्हणेल तर म्हणो. गेलेल्या माणसाशी गोड बोलावं म्हणतात. पण तुम्ही असताना मला धड भांडू दिलंत का कधी? भांडणाला दोन माणसं लागतात. तुम्ही भांडत नव्हता, तुम्ही अबोला धरत होता. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षी मला कळेचना की हे काय प्रकरण आहे. आमच्या पुसदच्या घरी राग आला की भांडी आपटायची, चार शब्द बोलायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी एका ओळीत बसून जेवायचं. तुमची तऱ्हा न्यारी. ज्याच्यावर राग, त्या माणसालाच तुम्ही बोलण्यातून काढून टाकणार. मी समोर उभी आणि तुम्ही चुलीला सांगताय, "चहात साखर पडलेली दिसत नाही." जणू या घरात चहा आपोआप होतो, साखर आपोआप पडते. "पाणी तापलं नसावं." "भाजीत मीठ जास्त झालं वाटते." असे दोन-दोन दिवस जायचे. मग एका सकाळी तुम्ही कपबशी खाली ठेवून सरळ माझ्याकडे पाहायचे, "तू साखर काहून नाही टाकली?" तक्रार तीच, पण आता ती मला होती. मी समजायचे, सुटला अबोला. साखर आणायला उठताना मला हसू यायचं आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी डबा शोधत बसायचे.

हे माझ्या एकटीच्या वाट्याला आलं असतं तर मी म्हटलं असतं, नवराबायकोचं चालायचंच. पण नामदेव भाऊजींनाही तुम्ही सोडलं नाहीत. तुमच्या आजोबांचा एक मुलगा ख्रिस्ती झाला, एक झाला नाही, तरी घरं भिंतीला भिंत लावून राहिली आणि विहीर एकच राहिली. भाऊजी तुमचे धाकटे चुलत भाऊ, पण तुमच्या हाताखाली शिकलेले, तुमच्या शब्दाबाहेर नसलेले. छप्पन साली दसऱ्याला ते नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले आणि घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडून आले. दीक्षेबद्दल तुमचं काहीच म्हणणं नव्हतं. आपल्या बापानंही एकदा वाट बदललीच होती, असं तुम्हीच मला म्हणालात. राग एवढाच की तो न सांगता गेला. झालं. त्या दसऱ्यापासून तुमचं तोंड बंद. विहिरीवर गाठ पडली की तुम्ही लिंबाच्या झाडाकडे पाहून बोलायचे, "जमाना बदलला. लोक मोठ्याले इचारत नाही." भाऊजी बादली घेऊन माझ्या दारात यायचे.

"वैनी, हा जमाना म्हनजे मीच ना?"

"तुमीच, भाऊजी."

"मी सांगाले आलतो. दादा तवा बोरीच्या बाजारात गेलता. हे त्याले कोन सांगन?"

"मी सांगतलं. तुमचे दादा म्हनते, जमान्याची बाजू घेऊ नको."

भाऊजी कपाळाला हात लावून परत जायचे. पण यवतमाळहून एस.टी.नं येणारं वर्तमानपत्र तुमचं वाचून झालं की तुम्ही त्याच्या घड्या घालून ते मधल्या भिंतीवर ठेवायचे, उडू नये म्हणून वर दगड. रोज. बोलणं बंद, पेपर चालू. दिवसभरात कधीतरी दगड तेवढा राहिलेला दिसायचा. हे मी पाहत होते आणि मनात म्हणत होते, काय ही दोन माणसं!

मग उन्हाळ्यात आपली लेक शालू गेली.

आपल्या शालूबद्दल मी जास्त लिहिणार नाही. तुम्हीही कधी बोलला नाहीत. मुदतीचा ताप होता, यवतमाळच्या दवाखान्यातून औषध आणलं होतं, डॉक्टरांनी वाट पाहा म्हटलं होतं. त्या दिवसांत तुम्ही जशी प्रार्थना केलीत तशी मी आयुष्यात कोणाची ऐकली नाही, बाबांचीसुद्धा नाही. टोपी काढून, तिच्या खाटेजवळ भुईवर बसून, माणूस माणसाशी बोलतो तसं. बापा, असं कर. बापा, तसं नको करू. तुमचे डोळे देऊ केलेत, हातपाय देऊ केलेत, उरलेलं आयुष्य देऊ केलंत. तुम्ही कोणाकडे काही मागताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लग्नात सासऱ्याकडून एक सदरासुद्धा घेतला नव्हता तुम्ही. ताप उतरला असं आम्हाला वाटलं, तिनं पेज मागितली, आणि मी पेज घेऊन येईपर्यंत ती गेली.

नामदेव भाऊजी भिंतीवरून उडी मारून आले. दारातून यायला त्यांना उशीर झाला असता. कबर खणताना फावडं त्यांनी कोणाच्या हातात जाऊ दिलं नाही. पेटी खाली सोडताना तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "नामदेव, दोर घट धर." इतक्या महिन्यांनी तुम्ही त्यांचं नाव घेतलंत. भाऊजी तिथंच रडायला लागले, पण दोर त्यांनी सोडला नाही.

आता मी त्या गोष्टीवर येते जिनं माझं डोकं इतकी वर्षं पिकवलं.

आपल्या घरातली रीत अशी, की दिवे लागले की कर्त्यानं मोठ्यानं प्रार्थना करायची, बाकीच्यांनी आमेन म्हणायचं आणि मगच घास. आमेनआधी कोणी ताटाला हात लावायचा नाही. शालू तर चोरून भाकरीचा कोर खायची आणि तुम्ही प्रार्थनेतच म्हणायचे, "आणि बापा, जी भाकर चोरून खाते तिलाही आशीर्वाद दे." ती गेल्यावर तुम्ही बसायला लागलात, डोळे मिटायला लागलात, आणि गप्प. पहिले काही दिवस मी समजून घेतलं. माझ्याही तोंडून कुठे शब्द फुटत होता? तुमच्या श्वासाच्या अंदाजानं मी आमेन म्हणायचे. महिने गेले. जोंधळा कापून झाला, तूर आली, तुम्ही गप्पच. मी एकदा विचारलं, "मनातल्या मनात म्हनता काय?"

तुम्ही म्हणालात, "म्हणायचं कोणाला?"

आणि तिथून सुरू झालं ते तुमचं तत्त्वज्ञान. मिशनच्या गोऱ्या साहेबांच्या कपाटातली जाड पुस्तकं यवतमाळहून पिशवीतून यायला लागली. देव ही व्यक्ती नाही. व्यक्ती म्हटली की आवडनिवड आली, रुसवेफुगवे आले, याचं ऐकलं आणि त्याचं नाही ऐकलं हे आलं. देव म्हणजे प्रेमाचा नियम. पाणी उताराला जातं तसा नियम. नियमाकडे कोणी काही मागत नाही आणि नियमावर कोणी रागावत नाही. अगदी शाळेतल्या मुलांना शिकवावं तसं तुम्ही मला शिकवायचे, बोट वर करून. मी व्हर्नाक्युलर फायनल झालेली बाई आहे, हे तुमच्या लक्षात नसायचं.

"येशूनं त्याले बाप म्हनाले शिकवलं," मी म्हणायचे. "तुमी येशूहून शहाने?"

"लहान मुलांना समजावं म्हणून तसं म्हटलंय."

"येशू आपल्या मैतराच्या कबरीपाशी रडला. नियम रडते काय?"

"तो माणूस होता म्हणून रडला."

"अन् तवा त्याच्यातला देव काय डोये मिटून बसला होता?"

तुम्ही शेळीला चारा टाकायला निघून गेलात. शेळीनं दुपारीच पोटभर खाल्लं होतं.

मग मी आमेन म्हणणं बंद केलं. जे ऐकलं नाही त्याला होकार कसा द्यायचा? पहिल्या दिवशी तुम्ही बराच वेळ वाट पाहिलीत, मग एक डोळा उघडलात. "आमेन?" मी म्हटलं, "कशाले? तुमी काही म्हटलं काय?" दोघं बसून राहिलो. ज्वारीची भाकर निवली की चामडं होते, वरणावर साय धरते. दोघांच्या पोटात कावळे आणि कोणी हटेना. शेवटी तुम्हीच बारीक आवाजात "आमेन" म्हणालात आणि घास घेतलात. पुढे तीच रीत पडली. तुमची मुकी प्रार्थना, तुमचंच आमेन. एकदा नामदेव भाऊजी जेवायला होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुमच्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी म्हनून टाकू काय ते आमेन? माह्यं काही जात नाही, भाकर तं निवनार नाही." तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. देव न मानणारा माणूस आपल्या घरचं आमेन म्हणायला तयार, आणि मी, सुवार्तिकाची मुलगी, अडून बसलेली. शालूनंतर तुम्हाला मी पहिल्यांदा तसं हसताना पाहिलं, म्हणून मी तो दिवस भाऊजींच्या नावावर लिहून ठेवला आहे.

घरात होतं तोवर ठीक होतं. पण कापणीच्या सणाला पाळकसाहेब येऊ शकले नाहीत आणि उपदेश तुमच्याकडे आला. मी आदल्या दिवशी हात जोडून म्हटलं होतं, तुमचं ते नियमाचं घोडं उद्या दामटू नका. पालथ्या घड्यावर पाणी. चर्चमध्ये पुढे लोकांनी आणून ठेवलेलं सगळं मांडलेलं, जोंधळ्याची कणसं, कापूस, तुरीच्या शेंगा, कोणाची कोंबडी पाय बांधून. आणि तुम्ही उभे राहून सांगताय की हे देणारा कोणी मालक आकाशात बसलेला नाही. सोनबाआजा मध्येच उठला. शेतात जागल करणारा माणूस, ऐकायला कमी येतं म्हणून नेहमी पुढे बसणारा. त्याच्या मांडीवर हे एवढं कोहळं.

"मास्तर, तिथं कोनी नाही तं मंग हे कोहयं म्या कोनाले आनलं?"

सगळे हसले. सोनबा हसला नाही.

"अन् जागलीले मचानावर बसून मी बोलतो ते कोनासंगं?"

तुम्ही पुढच्या गीताचा नंबर सांगितलात. लोक गायला लागले आणि सोनबा कोहळं खांद्यावर घेऊन बाहेर पडला. पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी तुम्हाला तेव्हा काय काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. तुमची बायको रागावली तर तिची ती बघून घेईल, पण त्या म्हाताऱ्याला मचाणावर दुसरं आहे कोण? त्याची बायको गेलेली, पोरगा नागपूरला मिलमध्ये. तुम्ही टोपी घातलीत आणि त्याच्या शेतावर गेलात. परत आलात तेव्हा कोहळं तुमच्या खांद्यावर होतं आणि तुम्ही हसत होता.

"सोनबा म्हनते, मी देवालेच इचारलं मास्तर. तो म्हने, मास्तराचं तू मनावर घेऊ नको, ते आमचं आमी पाहून घेऊ."

मीही हसले. मग तुमचं हसू एकदम थांबलं. तुम्ही मोरीवर जाऊन पुष्कळ वेळ पाय धूत बसलात. मला वाटलं, शेतातला चिखल असेल.

तक्रार यवतमाळला गेलीच. पाळकसाहेब आले, कोंबडी जेवले, तुमचंही ऐकलं, माझंही ऐकलं. स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर आहे." ओसरीवर तुम्हाला म्हणाले, "मास्तर, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे." मधल्या दारातून मला दोन्ही ऐकू आलं! फार छेडलं तेव्हा म्हणाले, देव आपल्यासारखी व्यक्ती नाही हे खरं, पण त्याला व्यक्तीपेक्षा मोठा म्हणा, कमी म्हणू नका. हे मात्र मला पटलं. नियमाला ऐकू येत नाही. सोनबाला निदान अर्ध्या कानानं ऐकू येतं. मग तुमचा देव सोनबाहूनही कमी झाला की.

तुम्हाला वाटायचं, मला वाद जिंकायची हौस आहे. मास्तर, मला वाद नको होता. मला एवढंच हवं होतं की शालूला कोणीतरी ओळखत असावं. तिला भाकरीचा कोर आवडतो, अंधारात तिला भीती वाटते, पेज मागून ती गेली, हे तिथं कोणाला तरी माहीत असावं. मी हे एकदा बोलून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "दाणे दळले की पीठ एक होतं. त्यात कोणता दाणा कुठं गेला विचारू नये." मी म्हटलं, "मंग मी त्या जात्याले बाप म्हनू काय?" तुम्ही ताटावरून उठलात. त्या वेळी माझ्याशी धरलेला अबोला सगळ्यात लांब चालला. "भाकर करपलेली दिसते," "दार उघडं राहिलं वाटते." मला वाटलं, चुलीतलं लाकूड घेऊन तुमच्या त्या जाड पुस्तकांना लावावं.

आणि हे म्हणणारा माणूस तो कोण? शाळेत पाय ठेवल्याबरोबर, हजेरी घ्यायच्या आधी, आज कोण आलं नाही ते ओळखणारा. तांड्यावरची मुलं कापूस वेचायच्या दिवसांत यायची नाहीत, तर तुम्ही तांड्यावर जाऊन एकेकाच्या नावानं हाका मारायचे. मी काविळीनं पडले होते तेव्हा माझी उशी कशी ठेवली की मला बरं वाटतं ते तुम्हाला न सांगता माहीत होतं. रागाच्या भरात हे राहून जाईल म्हणून इथंच लिहिते. तुमच्याइतकं नीट मला कोणी ओळखलं नाही. म्हणून तर तुमचं पिठाचं बोलणं मला तुमच्या तोंडी शोभलं नाही.

त्या सकाळी तुम्ही शाळेत निघाला होता. टोपी झटकत होता. मी का विचारलं मला माहीत नाही, शालूचा झगा उन्हात टाकला होता म्हणून असेल. मी म्हटलं, "तुमी वर गेले तं शालू तुमाले वळखन काय?" मला वाटलं, आता दाणे येणार, पीठ येणार. तुम्ही झग्याकडे पाहिलंत आणि म्हणालात, "संध्याकाळी बोलू."

दुपारी तुम्हाला शाळेतून खाटेवर घालून आणलं. ती संध्याकाळ माझी राहिलीच.

म्हणून मी चिडले आहे. असलं अर्धं वाक्य टाकून कोणी जातं का?

माती झाल्यावर, पाहुणे गेल्यावर, भाऊजींच्या घरून ताट आलं. चूल पेटवायची नाही म्हणतात. भाऊजी उंबऱ्यात बसले, मी जेवल्याशिवाय उठणार नाही म्हणून. मी हात धुऊन ताटावर बसले. आता कर्ती मीच. मी ठरवलं होतं, आज मोठ्यानं प्रार्थना करायची, त्याला सगळं विचारायचं, पोरगी नेली, आता हेही नेले, तुला आमचंच घर सापडतं काय? डोळे मिटले आणि एक शब्द येईना. समोर कोणी नाही असं मला क्षणभरही वाटलं नाही. तो होता. अगदी समोर होता. पण त्याच्याशी बोलायची माझी इच्छाच नव्हती. मी तोंड फिरवून बसले.

"वैनी, भाकर निवून राह्यली," भाऊजी म्हणाले.

मी भिंतीकडेच पाहत राहिले.

"तुमी बी दादासारख्याच भितीकडं पाहून बसल्या," ते म्हणाले. "माह्यासंगं बोलत नव्हता ना, तवा तो असाच बसे अंगनात. हातपाय धुऊन, टोपी घालून, तोंड भितीकडं. मले वाटे, आता बोलन, मंग बोलन. बोले नाही. पन जागा सोडे नाही अन् पेपर चुकवे नाही."

अहो, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं रोज दिवे लागले की तुम्ही पाय धूत होता. धुतलेला सदरा घालत होता. टोपी काढून बाजूला ठेवत होता. तापानं फणफणलेले असतानाही एक संध्याकाळ चुकवली नाहीत. नियमासाठी कोणी पाय धुतं का? पाणी उताराला जातं म्हणून कोणी सदरा बदलतं का? ते तुमचं तत्त्व म्हणजे लिंबाच्या झाडाला सांगितलेला नामदेव भाऊजींचा जमाना होता. चहात साखर पडलेली दिसत नाही, तसं जगात न्याय झालेला दिसत नाही. कोणी केला नाही, ते म्हणायचं नाही. तुम्ही एकदा देवाकडे मागितलंत, आयुष्यात एकदाच मागितलंत, त्यानं दिलं नाही, आणि तुम्ही त्याच्याशी अबोला धरलात. सोनबाला हे त्याच्याकडून कळलं होतं आणि तुमच्या बायकोला कळलं नव्हतं!

अबोला माणसाशी धरतात हो. विहिरीशी, जात्याशी, उताराशी कोणी अबोला धरलेला मी ऐकला नाही.

मी भाऊजींना म्हटलं, "म्हंजे देव कोनीतरी आहे, असंच म्हनून राह्यले ना तुमी?"

"मी कायले म्हनू वैनी? माह्या लेखी देवच नाही. मी दादाचं सांगून राह्यलो."

घ्या. वाद मी जिंकले. माझे बाबा बरोबर, मी बरोबर, सोनबाचं कोहळं बरोबर. आणि हे ज्याच्या तोंडावर सांगायचं तो माणूस कबरस्तानात, शालूच्या शेजारी. असा संताप येतो! एकदा, फक्त एकदा तुम्ही मला म्हणाला असता, मी देवावर रागावलोय. मी काय तुम्हाला चर्चमधून काढलं असतं? मीही रागावले होते. पेज हातात घेऊन दारात उभी असलेली मी, मला राग नसेल? तुम्ही पुस्तकात तोंड घालून रागावलात, मी आमेन अडवून रागावले. एका ताटावर बसून दोघं मिळून रागावलो असतो, मास्तर. त्याला ते झेपलं असतं.

आता तुम्ही त्याच्यापुढे उभे आहात, तिथे लिंबाचं झाड नाही, चूल नाही, भिंत नाही. बोलावं लागेल. तुमचा अबोला कसा सुटतो ते मला माहीत आहे. सरळ तोंडावर विचारा त्याला, "तू काहून नाही ऐकलं?" भिऊ नका, मी ओळखते त्याला, तो तुमच्या तोंडून हे ऐकायला केव्हाचा थांबला असेल. काय म्हणाला ते मला सांगण्याची घाई करू नका, माझेही प्रश्न आहेत, मी आले की मीच विचारीन. पण आधी शालूला हाक मारा. टोपी घालून जा, ती लांबून टोपी पाहूनच धावत यायची.

त्या संध्याकाळी मी भाऊजींना म्हटलं, थोडं थांबा. पुन्हा डोळे मिटले. तुम्ही बसायचे तिथंच, तुमच्यासारखीच, काही न बोलता बसले. तुमच्या सगळ्या मुक्या संध्याकाळी एकेक करून आठवल्या आणि मग मी मोठ्यानं म्हटलं, आमेन.

भाऊजी म्हणाले, "जेवा आता."

भाकर पार चामडं झाली होती. मी खाल्ली.